माळ्यावरची बॅग आणि तो धनुष्यवाला घोडा

निळाई | शनिवार, रात्री ९:४०

दिवाळीची साफसफाई चालू आहे. आईच्या माळ्यावरून गणपतीच्या मखराखाली दबलेली एक खांद्याला लावायची बॅग निघाली. रेक्झिनची, मूळची बहुधा पांढरी, आता जुन्या दातांच्या रंगाची. चेन अर्ध्यावर अडकते. पुढच्या बाजूला लाल गोलात अर्धा माणूस अर्धा घोडा, हातात ताणलेलं धनुष्य. प्रत्यंचेचा लाल रंग उडालाय, त्यामुळे तो नुसताच हात मागे खेचून उभा आहे असं वाटतं. खाली इंग्रजीत 'एअर-इंडिया', मध्ये आडवी रेघ देऊन. त्याच्याही खाली कोपऱ्यात तपकिरी रेक्झिनचं ठिगळ.

घरात कथा अशी की अण्णामामा १९७१ साली नव्या जंबोतून, म्हणजे बोइंग ७४७ मधून, लंडनला गेला, तेव्हा ही बॅग मिळाली. मग ती आजीकडे, मग आईकडे कुरडयांचा डबा ठेवायला.

माझ्या मुलीने विचारलं, "हा कोण? एअर इंडियाचा लोगो तर तो मिशीवाला आहे ना?" मी म्हटलं, नाही गं, तो हंस. नवरा म्हणाला, हंस गेला, आता सोनेरी काहीतरी आहे. तिघांची तीन उत्तरं आणि बॅगेवर चौथंच.

तर जाणकारांनो, या कंपनीचं खरं चिन्ह नक्की कोणतं? आणि हा घोडेवाला कधी आला, कधी गेला?

---

बदलापूर_स्लो | ९:५२

पहिला. अर्धा माणूस अर्धा घोडा म्हणजे सेंटॉर. आणि सेंटॉर म्हणजे जुहूचं हॉटेल ना?

---

पार्लेकर_जुना | १०:१५

स्लोराव, तुम्ही गंमत केलीत पण अर्ध्या मुंबईचं हेच झालं होतं. जुहूचं आणि विमानतळाजवळचं, दोन्ही सेंटॉर हॉटेलं एअर इंडियाच्याच हॉटेल कंपनीची होती. नाव या चिन्हावरूनच. रिक्षावाल्यांना सेंटॉर म्हटलं की हॉटेल कळायचं. विमानावर तोच आहे हे कुणाच्या गावी नसायचं.

निळाईताई, आधी घोळ सोडवू. तुमच्या घरात तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. बोधचिन्ह, म्हणजे अधिकृत शिक्का. शुभंकर, म्हणजे जाहिरातीतला बाहुला. आणि विमानाचा रंगवेष. महाराजा हा बाहुला. तो लोगो कधीच नव्हता.

थोडक्यात वंशावळ:

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी टपाल घेऊन कराची ते जुहू विमान आणलं. ती टाटांची हवाई टपालसेवा, पुढे टाटा एअरलाइन्स. १९४६ साली नाव झालं एअर इंडिया. १९४८ साली परदेशी मार्गांसाठी सरकारच्या भागीदारीत एअर इंडिया इंटरनॅशनल निघाली आणि ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' नावाचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. तुमचा धनुर्धर या इंटरनॅशनलचा. तो जवळपास साठ वर्षं टिकला, २००७ पर्यंत.

२००७ ला इंडियन एअरलाइन्सबरोबर विलीनीकरण झालं, तेव्हा हंस आला. १० ऑगस्ट २०२३ ला हंस गेला आणि सोनेरी खिडकी आली.

बॅगेचा फोटो टाका. आणि त्या ठिगळाखाली काय आहे?

---

अक्षरवेडा | १०:३१

पार्लेकरांना +१. धंद्याने डिझायनर आहे म्हणून दोन शब्द.

जुना सेंटॉर ही पक्की आकृती आहे. गोलात एकरंगी छाया, आत फाफटपसारा नाही. इंजिनाच्या गोल आवरणावर, चमच्याच्या दांड्यावर, कपाच्या तळाशी, कुठेही बसवा, ओळखू येतो. त्याच्यानंतर आलेला हंस बघा. लाल हंस, त्याच्या पोटात नारिंगी कोणार्कचं चक्र. मोठ्या शेपटीवर बरा दिसायचा, पण बोर्डिंग पासच्या कोपऱ्यात छापला की चक्राचा चिवडा.

त्यामागचं कारण सरळ होतं. दोन कंपन्यांचं लग्न, दोघांच्या घरचं काहीतरी घालायलाच हवं. चक्र 'इंडियन'कडचं, कारण इंडियन एअरलाइन्सने २००५ मध्ये नाव नुसतं 'इंडियन' करून शेपटीवर कोणार्कचं चाक घेतलं होतं. आणि हंस कुठून आला? सेंटॉरचंच रूपांतर होऊन हंस झाला, असं अधिकृत स्पष्टीकरण होतं!

---

मिसळ_कट | १०:३४

घोड्याचा हंस झाला. आमच्याकडे उलटं होतं, लग्नात हंस असतो आणि नंतर घोडा होतो.

---

बदलापूर_स्लो | १०:३६

हसून हसून पुरेवाट. काकू वाचत नाहीत ना धागा?

---

गोदाकाठ | १०:५८

धनुर्धर म्हणजे धनु रास. नववी रास. आणि पत्रिकेत नवमस्थान हे भाग्याचं आणि दूरच्या प्रवासाचं. १९४८ साली चिन्ह निवडणाऱ्याच्या डोक्यात हे होतं की नाही देव जाणे, पण विमान कंपनीला यापेक्षा चपखल रास सापडली नसती. आपले जुने ज्योतिषी 'परदेशगमनाचा योग' बघायला नवमस्थानाकडेच वळायचे.

अवांतर: माझी रास धनु. अजून नेपाळसुद्धा झालेलं नाही.

---

टोरांटोची_सई | ११:२०

महाराजाबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते.

१९४६ मध्ये बॉबी कूका आणि उमेश राव या दोघांनी तो घडवला. कूका एअर इंडियाचे व्यापारी विभागाचे प्रमुख, राव जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात कंपनीच्या मुंबई कचेरीतले चित्रकार. विमानातल्या टिपणवहीवर छापायला म्हणून काढलेला माणूस, दुसरी कसली महत्त्वाकांक्षा नव्हती. मिशा लाहोरच्या एका उद्योगपती मित्रावरून उचलल्या असं सांगितलं जातं. कूका स्वतःच सांगायचे की याला महाराजा म्हणायचं ते दुसरा शब्द सुचत नाही म्हणून, याचं रक्त काही राजघराण्याचं नाही.

मग पोस्टरांमधून हा गृहस्थ जगभर उंडारला. पॅरिसला मजनू, टोकियोला सुमो पैलवान, कुठे फूटपाथवरचा चित्रकार, कुठे संन्यासी. सरकारी मालकीची कंपनी आणि इतका थिल्लरपणा, हे त्या काळी चाललं कसं याचंच मला अप्रूप वाटतं.

माझ्या आजोबांकडे त्या पोस्टरांचं एक कॅलेंडर होतं. वर्ष संपल्यावर आजीने त्याची पानं वह्यांना कव्हर म्हणून घातली. सुमो पैलवान महाराजा माझ्या काकाच्या भूमितीच्या वहीवर होता.

---

श्रीरंग_तिरका | ११:४१

मला तो महाराजा कधीच आवडला नाही. जरा कडू बोलतो.

देश स्वतंत्र होतोय आणि आपण जगापुढे कोण उभा करतो? पगडीवाला, लठ्ठ, डोळे मिटून वाकलेला माणूस. गोऱ्या गिऱ्हाइकाला हवा असलेला पूर्वेकडचा राजा, आणि तोही नोकरासारखा झुकलेला. यात थट्टा कोणाची होती? त्यापेक्षा तुमचा बॅगेवरचा धनुर्धर बरा. निदान ताठ उभा आहे.

---

टोरांटोची_सई | ११:५५

श्रीरंग, मुद्दा कळतो, पण उलटंही वाचता येतं. १९४६ मध्ये खरे महाराजे गादीवर होते, संस्थानं विलीन व्हायची होती. अशा वेळी मुंबईतला एक पारशी आणि एक राव मिळून महाराजाला चहा घेऊन वाकायला लावतात. ही थट्टा गोऱ्यांसाठी नव्हती, राजांचीच होती.

---

श्रीरंग_तिरका | रविवार, सकाळी ७:१०

रात्रभर विचार केला. अर्धं पटलं. उरलेलं अर्धं चहा झाल्यावर बघतो.

---

हँगरकाका | सकाळी ८:०२

मी निवृत्त आहे, सांताक्रूझच्या हँगरमध्ये उमेदीची वर्षं गेली. तुम्ही सगळे लोगो लोगो करताय, पण आमच्यासाठी एअर इंडिया म्हणजे खिडक्या.

१९७१ मध्ये पहिलं जंबो आलं, 'एम्परर अशोका'. जाहिरातीत त्याला आकाशातला महाल म्हणायचे, म्हणून प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात झरोक्याची कमान काढलेली. कागदावर एका बाजूला बसून काढायला छान. पण विमान रंगवताना काय होतं ते सांगतो.

जुना रंग आधी रसायन लावून सोडवायचा. पापुद्रे सुटतात सापाच्या कातीसारखे, ते खरवडायचे. मग धुणं, मग अस्तर, मग पांढरा. तो वाळला की खिडक्यांची ओळ. प्रत्येक खिडकीला स्टेन्सिल लावायचं, कडेने चिकटपट्टी दाबून बसवायची. पट्टीखाली बोटभर जागा फुगलेली राहिली की रंग आत पळतो आणि कमानीला मिशी फुटते. शेपटीकडे विमानाचं अंग निमुळतं होतं, तिथे सरळ ओळ सरळ दिसत नाही, नजरेला धरून किंचित वळवावी लागते. आणि दारं! आणीबाणीच्या दाराभोवती बाहेरून दोन इंची पट्टा लागतो, तोही आजूबाजूच्या रंगातून उठून दिसेल असा. तो नियम आहे, कलाकुसर नाही. सजावटीची लाल कमान आणि नियमाचा पट्टा शेजारी शेजारी आले की भांडण ठरलेलं.

आमचा एक मुकादम होता, कोकणातला. खिडक्यांची पट्टी ओढताना कोणाला बोलू द्यायचा नाही. म्हणायचा, "गप ऱ्हवा रे, देवळात हाव."

दिवसभर मान वर करून त्या कमानी रंगवल्यात. घरी आलो की ताटातली पोळीसुद्धा तिरकी दिसायची.

---

अक्षरवेडा | ८:२०

काका, दंडवत. हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवून ठेवतोय.

---

कोकणकडा | ८:४४

"गप ऱ्हवा रे" 😄 मुकादम आमच्याकडचाच.

१९७१ वरून आठवलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये २६वी घटनादुरुस्ती होऊन संस्थानिकांचे तनखे बंद झाले. म्हणजे एप्रिलमध्ये विमानावर महालाच्या खिडक्या आल्या आणि वर्षअखेरीस महालवाल्यांचा पगार बंद. सरकार एकच.

---

श्रीरंग_तिरका | ८:५१

चहा झाला. कोकणकडा यांच्या या प्रतिसादाने उरलेलं अर्धंही पटलं.

---

बदलापूर_स्लो | ९:०५

या संस्थळावर कुणाचं मत बदललं? स्क्रीनशॉट काढून ठेवा.

---

मिसळ_कट | ९:३०

विमानांना नावं कोणती द्यायचे? अशोक ऐकलं. बाकी सगळे मोगल का?

---

पार्लेकर_जुना | १०:०२

मिसळराव, नावांच्या पिढ्याच्या पिढ्या झाल्यात त्यांच्याकडे. १९४८ च्या कॉन्स्टेलेशनना प्रिन्सेस: मलबार, मुघल, राजपूत वगैरे. नंतर आल्या राण्या. बोइंग ७०७ जेट आली तेव्हा हिमालयाची शिखरं: नंदादेवी, गौरीशंकर, कांचनजंगा. जंबोंना सम्राट: अशोक, शाहजहान, राजेंद्र चोळ, विक्रमादित्य, अकबर, चंद्रगुप्त, कनिष्क, कृष्णदेवराय, समुद्रगुप्त. म्हणजे मोगल दोन, बाकीचे वेगवेगळ्या मुलखांचे. नंतरच्या ७४७-४०० ना स्थळं: कोणार्क, तंजावर, खजुराहो आणि आपलं अजिंठा.

---

सह्याद्री_१६७४ | १०:१९

बघा! चोळ आहेत, अकबर आहे, आणि छत्रपतींचं नाव नाही. तेव्हा मुख्यालय मुंबईत असूनही ही गत. याला काय म्हणायचं?

---

हँगरकाका | १०:४०

थांबा, तलवार म्यान करा. १९८८ च्या सुमारास दोन ७४७-३०० आली, मागच्या भागात माल आणि पुढे माणसं अशी. त्यातलं एक 'शिवाजी', नोंदणी व्हीटी-ईपीडब्ल्यू. दुसरं 'नरसिंह वर्मन'. ईपीडब्ल्यूच्या पोटाखाली मी स्वतः झोपून काम केलंय.

---

सह्याद्री_१६७४ | १०:४३

काका, मुजरा. प्रतिसाद मागे.

---

टोरांटोची_सई | १०:५०

पार्लेकरांच्या यादीत 'कनिष्क' वाचून थबकले. २३ जून १९८५, ३२९ माणसं, बरीचशी आमच्या या शहरातली. इथे अजूनही ते नाव विमानाचं म्हणूनच घेतात, राजाचं म्हणून कोणी घेत नाही.

---

पार्लेकर_जुना | ११:०४

खरं आहे. अशोकही तसाच गेला, १ जानेवारी १९७८ ला वांद्र्याच्या समोर समुद्रात, २१३ माणसं. ज्या विमानाने मुंबईला पहिल्यांदा त्या लाल खिडक्या दाखवल्या तेच. आमच्या वडिलांनी ते आलं तेव्हा कठड्यावर उभं राहून पाहिलं होतं.

---

वाकडा_अँटेना | दुपारी १२:१५

विषय बदलतो, राग मानू नका.

काकांनी 'व्हीटी' लिहिलंय, भारतीय विमानांच्या नोंदणीची पहिली दोन अक्षरं. या व्हीटीचा अर्थ 'व्हाइसरॉयची टेरिटरी' असं व्हॉट्सॲपवर दर स्वातंत्र्यदिनी येतं. गुलामीची खूण, बदला, वगैरे. त्यात अर्थ काही नाही हो. १९२७ च्या आंतरराष्ट्रीय रेडिओ परिषदेत देशांना अक्षरं वाटली, ब्रिटिश साम्राज्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला व्ही ने सुरू होणारी आली. ऑस्ट्रेलिया अजून व्हीएच वापरतो. अक्षरं वाटून दिलेली, लांबरूप नंतर लोकांनी बसवलं.

---

बदलापूर_स्लो | १२:१८

चुकीचं. व्हीटी म्हणजे व्हीटी स्टेशन. विमानसुद्धा तिथूनच सुटतं, फक्त तीन मिनिटं उशिरा.

---

निळाई | दुपारी १:३०

बापरे, सकाळी स्वयंपाकघरात गेले आणि इथे महाभारत घडून गेलं! सगळ्यांचे आभार. मुलीला हँगरकाकांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती आता घरातल्या खिडक्यांभोवती कमानी काढायच्या म्हणते आहे.

एक प्रश्न. हंसाआधी मधे काहीतरी सूर्यासारखं होतं का? माझ्या लहानपणी शेपटीवर सोनेरी काहीतरी पाहिल्याचं आठवतं, पण घरात कोणी मानत नाही.

---

अक्षरवेडा | १:५२

तुमचं बरोबर आहे, घरच्यांना सांगा. १९८९ मध्ये नवा वेष आला होता. गडद लाल शेपटी, त्यावर धातूच्या सोनेरी रंगाचं चक्र. त्याच सुमारास महाराजालाही निवृत्त करायचा घाट घातला होता. आधुनिक दिसायचं होतं. लोक इतके चिडले की दोनेक वर्षांत खिडक्यावाला जुना वेष परत आला आणि महाराजाही. थोड्याच विमानांना तो लागला, म्हणून तुमच्या घरात कुणी पाहिला नसेल.

डिझायनर म्हणून मला तो वाईट वाटत नाही. पण धडा बघा, लोकांना राग चिन्ह बदलल्याचा आला नव्हता. सेंटॉरसाठी कोणी रडलं नाही. खिडक्या आणि मिशा काढल्या म्हणून रडले.

---

श्रीरंग_तिरका | २:१०

आणि महाराजाला २०१५ मध्ये बारीक करून जीन्स घातली होती ते? ताठ केस, कानाजवळ काहीतरी. माझा जुना राग त्याच्यापुढे लटका होता. ते बघून मी मूळ मिशीवाल्याच्या बाजूने झालो.

---

गोदाकाठ | २:३५

कंपनीच्या दिसण्यात चित्रकारांचाही वाटा होता, ते राहिलं. १९५६ मध्ये बी. प्रभा यांची सहा चित्रं एअर इंडियाने प्रत्येकी साडेसत्याऐंशी रुपयांना घेतली, तिथून त्यांचा तो प्रसिद्ध संग्रह सुरू झाला. बी. प्रभा मूळच्या नागपूरजवळच्या बेला गावच्या. पुढे हुसेन, गायतोंडे सगळे आले. परदेशातल्या बुकिंग कचेऱ्यांच्या भिंतींवर ही चित्रं लागायची. अलीकडे हा संग्रह राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला.

आणि साल्वादोर दाली! १९६७ मध्ये पहिल्या वर्गाच्या पाहुण्यांना भेट द्यायला त्याच्याकडून राखदाणी करून घेतली. शिंपल्यासारखी वाटी, कडेने साप, खाली आधाराला हत्ती आणि हंस. उलटं केलं की हत्तीचा हंस दिसतो. मोबदला म्हणून बाबाने हत्तीचं पिल्लू मागितलं. आणि यांनी दिलं! बंगळुरूहून विमानाने जिनिव्हा, तिथून स्पेनला त्याच्या गावी.

---

मिसळ_कट | २:४१

म्हणजे हत्तीचा हंस १९६७ ला, घोड्याचा हंस २००७ ला. परंपरा आहे घराण्याची.

---

अक्षरवेडा | २:४४

मिसळराव, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. उद्या ऑफिसात खपवतो, तुमचं नाव न सांगता.

---

सदाफुली | ४:१२

मला नवीन आवडतो. सांगून टाकते, मग हाणा.

जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे परत गेली आणि २०२३ ला नवा वेष आला. लाल, वांग्याचा जांभळा आणि सोनेरी. चिन्हाचं नाव 'द व्हिस्टा'. महालाच्या त्या खिडकीचं वरचं टोक घेऊन केलेलं. विमानावरच्या लाल कमानी गेल्या, पण तीच खिडकी शेपटीवर आणि चिन्हात गेली. साड्या मनीष मल्होत्रांनी केल्या, त्यातही झरोके.

---

श्रीरंग_तिरका | ४:२०

आणि त्याचा अर्थ म्हणे 'अमर्याद शक्यता'. कुठल्याही लोगोला लावा, बसतो. आमच्या गल्लीतल्या क्लासच्या बोर्डावर पण तेच आहे.

---

पार्लेकर_जुना | ४:४८

जांभळा विस्ताराकडून आला. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला यांच्यात विलीन झाली, त्या कंपनीचे रंग जांभळा-सोनेरीच. म्हणजे पुन्हा लग्न, पुन्हा दोन्ही घरचं थोडंथोडं. पण या वेळी निदान चक्र गिळलेला हंस नाही.

माझी तक्रार एकच, लांबून पाहिलं तर त्या टोकात खिडकी दिसत नाही. सांगावी लागते. हँगरकाकांच्या कमानी न सांगता कळायच्या.

---

कोकणकडा | ५:०५

यांच्याच स्वस्तातल्या कंपनीचं, एअर इंडिया एक्स्प्रेसवाल्यांचं, जास्त बरं जमलंय. २०२३ पासून नारिंगी आणि मोरपिशी रंग, आणि शेपटीवर बांधणी, अजरख असे कापडाचे नक्षीकाम. प्रत्येक विमान वेगळं लुगडं नेसून उभं. पैठणी कधी नेसवणार ते बघायचं.

---

सह्याद्री_१६७४ | ५:११

पैठणीसाठी मी परत तलवार काढू का?

---

हँगरकाका | ५:३०

ठेवा हो. आणि पैठणीचा मोर मास्किंग टेपने काढायला मला बोलावू नका.

सदाफुलीताई, तुमच्याशी माझं भांडण नाही. आम्ही पोरगे म्हणून लागलो तेव्हा चिन्ह सेंटॉर होतं आणि खिडक्या नुसती सजावट. आता सजावटीचंच चिन्ह झालं आणि सेंटॉर माळ्यावर. नरिमन पॉइंटच्या २३ मजली इमारतीच्या डोक्यावर तो असायचा, मरीन ड्राइव्हवरून दिसायचा. ती इमारतही राज्य सरकारने सोळाशे कोटींच्या आसपास घेतली. रात्रपाळीहून येताना आम्ही त्याला 'वरचा साहेब' म्हणायचो.

---

पार्लेकर_जुना | ५:५२

निळाईताई, ठिगळाचं विचारलं होतं. सांगतो का ते. कंपनीचं नाव ८ जून १९६२ पर्यंत 'एअर-इंडिया इंटरनॅशनल' होतं. त्या दिवशी शेवटचा शब्द गळला. तुमच्या ठिगळाखाली तो शब्द असेल, तर बॅग १९६२ आधीची. जंबो आलं १९७१ ला. मग मामांच्या लंडनवारीचा हिशेब लागत नाही.

---

बदलापूर_स्लो | ५:५४

सरकलो पुढे. चहा ठेवा कुणीतरी.

---

निळाई | संध्याकाळी ७:२५

तुमच्यामुळे आईशी वाद झाला. "अण्णाची बॅग उसवायची नाही" म्हणून अडून बसली. शेवटी नखं कापायच्या कात्रीने एकाच बाजूचे टाके काढले. जाड दोऱ्याचे, चांभारटाके.

खाली अक्षरं फिकट आहेत, आणि पहिली चार-पाच तर तपकिरी डागात गेलीत. पण शेवट स्वच्छ वाचता येतो. '...नॅशनल'.

आई म्हणते छापताना चूक झाली असेल.

---

पार्लेकर_जुना | ७:३१

मामा आहेत का? विचारा.

---

निळाई | रात्री ९:१०

आहेत, नाशिकला, ८८ वर्षांचे. फोन स्पीकरवर टाकला. आईने सरळ विचारलं, "अण्णा, बॅग जंबोतली ना?"

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मग हसायलाच लागले. म्हणाले, जंबो कसलं, कंपनीने त्यांना लंडनला दुसऱ्याच एका स्वस्तातल्या विमानाने पाठवलं होतं. बॅग त्याच्या कितीतरी आधीची. गिरगावच्या चाळीत शेजारी एअर इंडियाच्या कचेरीत कामाला होते, त्यांनी दिलेली. मामा त्यातून व्हीजेटीआयला डबा न्यायचे. लंडनहून परत आले तेव्हा खांद्याला तीच होती, चाळीतल्यांनी काय समजायचं ते समजले, आजी तर आठवडाभर सगळ्यांना दाखवत होती. "मग मी कशाला बोलू?"

आणि ठिगळ? डबा सांडून अक्षरं गेली म्हणून त्यांनीच शिवून घेतलं होतं, कॉलेजात असताना.

आई फोन ठेवल्यावर काही बोलली नाही. सुई-दोरा घेऊन बसली आहे, ठिगळ परत लावतेय.

---

हँगरकाका | ९:१८

तपकिरी दोरा घ्यायला सांगा. पांढरा दिसेल.

---

बदलापूर_स्लो | ९:२०

बाकी सगळं कळलं. आमटी कसली होती?

---

निळाई | ९:२६

तेही विचारलं. आमसुलाची.